किडनी बदललीय आणि खोकला जात नाही? या चुका टाळा

‘ताई, ताप नाही, नुसता खोकला आहे.’ फोनवर हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून चौदा वर्षं हेच ऐकतेय. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू असताना ताप दबलेला राहू शकतो. माणूस हिंडता-फिरता असतो आणि आत ॲस्परजिलसची बुरशी फुप्फुस पोखरत असते. सुरुवातीला एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून आठवडाभर खोकला राहिला की मी सीटी स्कॅनचाच आग्रह धरते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अंदाजाने टीबीची औषधं सुरू करणं. एका शेतकरी मुलाला आईनं किडनी दिली होती. दीड वर्ष छान गेलं. मग सोयाबीनच्या मळणीला हा दोन दिवस भुशात उभा राहिला आणि खोकला लागला. तीन आठवड्यांनी जवळच्या डॉक्टरांनी थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या दिल्या. त्यात रिफॅम्पिसिन असतं आणि ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पार खाली आणतं. महिन्याभरानं आमच्याकडे आला तेव्हा थुंकीत रक्त होतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की वाढणारा रक्तातला आकडा) १.२ वरून २.८ वर गेलेलं. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं फुप्फुस तपासल्यावर, ॲस्परजिलस निघाला. टीबी नव्हताच. आई गोळ्यांचा डबा मांडीवर उघडून मला एकेक रिकामा कप्पा दाखवत होती, ‘एकही चुकवली नाही हो.’ किडनी वाचली, पण क्रिएटिनिन १.९ च्या खाली पुन्हा आलं नाही. आधी नमुना, मग औषध. दोन दिवस थांबणं कुणालाच सोसत नाही, याचा मला फार राग येतो.

ॲस्परजिलसवरचं औषध व्होरिकोनाझोल नेमकं उलटं करतं, रक्तातलं टॅक्रोलिमस वाढवतं. ते सुरू करतानाच टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात. नाहीतर हात थरथरतात, किडनीवर ताण येतो. हे बहुतेकांच्या लक्षात राहतं. व्होरिकोनाझोलचा कोर्स संपल्यावर टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल बघत त्याचा डोस परत वाढवायचा असतो, ते मात्र राहून जातं आणि शरीर किडनी नाकारू लागतं. मी रुग्णाच्या वहीच्या पहिल्याच पानावर कोर्स सुरू आणि बंद होण्याच्या दोन्ही तारखा लाल पेनानं लिहिते. लेव्हल तपासायची तर टॅक्रोलिमसची सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. गोळी घेऊन आलात तर तो आकडा बिनकामाचा.

कुणाच्या घरी उरलेलं व्होरिकोनाझोल मागून आणू नका. म्युकर या दुसऱ्या बुरशीवर ते चालतच नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन हे वेगळं औषध लागतं. कुठली बुरशी आहे हे खोकल्यावरून कुणीच सांगू शकत नाही.

बुरशी धुळीतून श्वासात जाते, म्हणून शेणखत उपसणं, घराची तोडफोड, कबुतरांची घाण झाडणं ही कामं दुसऱ्याला करू द्या. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

आणि सेप्ट्रान ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. न्यूमोसिस्टिस या आणखी एका बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणूनच ती गोळी दिलेली असते.