सारखा दिसतोय म्हणून लगेच कॉमन करू नका: कोड रीयूज कधी आणि कसा करायचा

कोड रिव्ह्यूमध्ये दोन फंक्शन्स सारखी दिसली की कोणीतरी कमेंट टाकतंच, "हे कॉमन करा ना, डुप्लिकेट कशाला ठेवलंय". नवीन जॉइन झालेल्या पोरांच्या डोक्यात तर कॉलेजपासूनच बसलेलं असतं की कॉपी-पेस्ट वाईटच. मला मनापासून वाटतं की हे असं सरसकट शिकवणं थांबवायला हवं, कारण चुकीचं कॉमन केलेलं फंक्शन नंतर सोडवायला जे दिवस जातात तेवढे तोच कोड दोनदा लिहून कधीच जात नाहीत.

तर आधी एकच प्रश्न विचारायचा: उद्या हा कोड बदलायला कोण सांगणार आहे?

समजा जेवण घरपोच देणारं ॲप आहे. ग्राहकाचा मोबाइल नंबर तपासणारं एक फंक्शन आणि डिलिव्हरीवाल्याचा तपासणारं दुसरं, दोन्हीकडे १० आकडे पाहिजेत आणि पहिला आकडा ६ ते ९ मधला, म्हणजे ओळ न ओळ तीच. कोणीतरी एकत्र केलं. मग मार्केटिंगवाले म्हणाले की दुबईत नोकरी करणाऱ्या मुलीला पुण्यातल्या आईबाबांसाठी ऑर्डर करता आली पाहिजे, म्हणजे ग्राहकाचा बाहेरदेशचा नंबर चालायला हवा, पण डिलिव्हरीवाल्याचा नको, म्हणून फंक्शनला एक फ्लॅग आला, म्हणजे हो-नाही सांगणारं एक जादा ट्रू/फॉल्स. नंतर हॉटेलवाल्यांचा लँडलाइन घ्यायचा ठरलं, दुसरा फ्लॅग. मग ओटीपी फक्त मोबाइललाच, तिसरा. आता कॉल करताना ट्रू, फॉल्स, फॉल्स असं लिहिलेलं दिसतं आणि त्यातलं कुठलं कशासाठी ते फंक्शन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि ग्राहकासाठी काही बदललं की डिलिव्हरीचं लॉगिन बंद पडेल का याची धाकधूक. ही दोन फंक्शन्स फक्त त्या दिवशी सारखी दिसत होती, त्यांचे मालक वेगळे होते.

आता उलटं बघा. जीएसटीची रक्कम काढून ती राउंड करायचं गणित कार्टमध्ये, बिलात आणि रिफंडमध्ये लागतं, तिथे नियम एकच आणि तो बदलला तर तिन्हीकडे एकदमच बदलणार. हे मात्र दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली तेव्हाच एका जागी आणा, नाहीतर बिल आणि रिफंडमध्ये एक पैशाचा फरक निघतो आणि अकाउंट्सवाले तुमच्या डेस्कपाशी येऊन उभे राहतात. दोन्हीपैकी काय आहे ते ठरत नसेल तर तिसऱ्या वेळेपर्यंत थांबा, तोवर बराच उलगडा होतो.

आणि फ्लॅगांचं जंगल आधीच झालेलं असेल तर? त्या फंक्शनचा कोड जिथून जिथून कॉल होतो तिथे परत पेस्ट करा, प्रत्येक ठिकाणी लागू नसलेले इफ काढून टाका, टेस्ट चालवा, मग खरंच जे सारखं उरेल तेवढंच बाहेर काढा. काम कंटाळवाणं आहे पण याहून सरळ रस्ता मला तरी माहीत नाही.

जुन्या प्रोजेक्टमधला "चाललेला" कोड उचलताना जास्त जपा. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर साधारण ३७ सेकंदांत भरकटलं आणि नष्ट झालं. त्यात एरियान ४ चा नेव्हिगेशनचा कोड तसाच घेतला होता, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये बसवताना ओव्हरफ्लो झाला (आकडा मावला नाही), आणि बॅकअप सिस्टिमवरही तोच कोड असल्यामुळे तीही पडली. वर, तो भाग एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता! म्हणून कोड उचलताना त्यात काय गृहीत धरलंय ते लिहून काढा: कमाल किंमत किती, पैसे रुपयांत की पैशांत, वेळ कुठल्या टाइमझोनची.

स्टॅक ओव्हरफ्लोवरून, म्हणजे प्रोग्रामरच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून, कोड घेताना कडेच्या किमती (अगदी सीमेवरचे आकडे) टाकून बघा. बाइट्सचे केबी-एमबी करून दाखवणारं एक जावाचं उत्तर तिथलं सगळ्यात जास्त कॉपी झालेल्यांपैकी, आणि ९,९९,९९९ बाइट्स दिले की ते १ एमबीऐवजी १००० केबी दाखवायचं, हे २०१९ मध्ये उत्तर लिहिणाऱ्यानेच जाहीर सांगितलं. शिवाय तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक लायसन्सखाली असतो (त्यातून बनवलेलं वाटायचं तर तेही त्याच लायसन्सखाली), तेव्हा कोडवर उत्तराची लिंक टाकाच आणि क्लायंटच्या क्लोज्ड प्रॉडक्टमध्ये जसंच्या तसं घालायच्या आधी टीम लीडला विचारा.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार पॅकेजचं म्हणाल तर, छोट्याशा कामासाठी घेऊ नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं, मजकुराच्या डावीकडे जागा भरणारं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या साठ्यावरून) काढलं आणि बाबेलसारखी मोठी टूल्स वापरणाऱ्यांचे बिल्ड जगभर पडले. तेच काम आता जावास्क्रिप्टमध्ये पॅडस्टार्ट करतं. लाख-कोटीचे कॉमा पाहिजेत तरी रेजेक्स (मजकुरातला पॅटर्न शोधायचं सूत्र) शोधत बसू नका, जावास्क्रिप्टच्याच नंबरफॉरमॅटला इंग्लिश-इंडिया लोकेल दिलं की १२,३४,५६७ असं येतं.

पण पासवर्ड हॅशिंग (पासवर्ड परत उलगडता येणार नाही अशा रूपात ठेवणं) आणि टाइमझोन स्वतः लिहू नका, प्लीज. आपण वर्षभर यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तासच पुढे असतो म्हणून लोक ते सरळ हार्डकोड करतात आणि लंडनचा क्लायंट आला की मार्चच्या शेवटी घड्याळ पुढे जातं तेव्हा सगळ्या मीटिंग एक तास सरकतात. इथे मुरलेली लायब्ररीच घ्या, शेवटचं रिलीज कधीचं ते बघा, मेंटेनर (ती सांभाळणारा) एकटाच आहे का ते बघा, ती स्वतःबरोबर आणखी किती पॅकेजेस ओढून आणते ते बघा, आणि लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या व्हर्जन्सची नोंद) गिटमध्ये कमिट करा.