स्कॅटरशील्ड निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

अमेरिकेत जुन्या स्मॉल-ब्लॉक शेव्हरोले व्ही-8 इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स जोडताना बहुतेकांचा पैसा इंजिनातच संपतो आणि बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं फ्लायव्हील-क्लच झाकणारं कवच, मिळेल ते उचललं जातं. कंपनीचं ओतीव ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग गिअरबॉक्स पेलायला उत्तम आहे, पण फुटलेल्या फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाचे) तुकडे ते अडवू शकत नाही. आरपीएम दुप्पट झाले की फ्लायव्हीलवरचा ताण चौपट होतो. शिवाय ते फिरतं चालकाच्या पायांशेजारी.

म्हणून त्याच्या जागी स्कॅटरशील्ड लावतात, म्हणजे असे तुकडे आतच अडवणारं पोलादी बेलहाउसिंग. पण नुसतं जाड पोलाद बघून भुलू नका, एसएफआय या रेसिंग-सुरक्षा मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा 6.1 चा शिक्का बघा. पाव मैल 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेने असं शील्ड सक्तीचं केलंय, आणि सोबत एसएफआय 1.1 मानकाचं फ्लायव्हील व क्लचही. हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) अडतोय म्हणून शील्डला ग्राइंडर लावू नका. अडचण हेडरची असेल तर हेडर बदला.

ऑर्डर देण्याआधी फ्लायव्हीलचे दाते मोजा. शेव्हरोलेत 153 आणि 168 दात्यांची फ्लायव्हील येतात. मोठं फ्लायव्हील लहान बेलहाउसिंगमध्ये मावत नाही, आणि स्टार्टरही त्यानुसारच लागतो. गिअरबॉक्स बसतो ते मागचं भोकही मोजा: मन्सी या जुन्या चार-गिअरच्या गिअरबॉक्सला 4.686 इंच लागतं, बऱ्याच ट्रकच्या बेलहाउसिंगला 5.125 असतं.

आता सगळ्यात जास्त नडणारी चूक. शील्ड नवं आहे म्हणजे ते क्रँकच्या मध्यावर बसणारच, असं लोक धरून चालतात. मग गिअर अडकून पडतो, चौथा गिअर आपोआप सुटतो, पायलट बुश (क्रँकच्या टोकातली, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला आधार देणारी बुश) एका बाजूने झिजतो, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. क्लच बसवण्याआधी डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजयंत्र) फ्लायव्हीलवर चिकटवा, टोक मागच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काट्याचा एकूण फरक 0.005 इंचाच्या आत हवा. जास्त निघाला तर आधी ब्लॉकवरचा रंग, गंज, खडबडीत कडा साफ करून पुन्हा मोजा. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर ऑफसेट डॉवेल पिन घाला, म्हणजे शील्डला ब्लॉकवर थोडं सरकवणाऱ्या, मध्यापासून बाजूला असलेल्या खुंट्या. इथे हिशोब चुकतो: काटा 0.014 दाखवत असेल तर सरकायचं असतं त्याच्या निम्मं, म्हणजे पिन 0.007 ची. दोन्ही पिना एकाच दिशेला वळवा आणि परत मोजा. हीच तपासणी मागच्या सपाट तोंडावरही करा.

गिअरबॉक्स चढवताना शेवटचा अर्धा इंच जाईना, तर बोल्ट आवळून ओढू नका. क्लच प्लेट मध्यावर नसते किंवा इनपुट शाफ्ट पायलटमध्ये शिरत नसतो. जोर केलात तर गिअरबॉक्सचा कान (बोल्ट लागतो तो भाग) तुटतो. खाली उतरवा, अलाइनमेंट टूल घालून प्लेट नीट बसवा, मग तो हातानेच आत जातो.