भरतीची शीट ऑटोमॅटिक करताय? या चुका टाळा

गुणांची तुलना करताना गूगल शीटला रिकामा सेल आणि शून्य गुण यातला फरक कळत नाही. ‘गुण ४० पेक्षा कमी असतील तर नापास’ असं इफचं (IF, म्हणजे ‘जर-तर’चं) सूत्र लावलं, की ज्याचा पेपर अजून तपासलाच नाही तोही नापास होतो. आणि गुणांच्या जागी कुणी ‘गैरहजर’ असं लिहिलं, तर तो चक्क पास! कारण शीटच्या हिशेबात अक्षरं नेहमी आकड्यांपेक्षा मोठी.

पुण्यातल्या एका कंपनीत याच सूत्रापुढे झेपियर (एका ॲपमध्ये काही घडलं की दुसऱ्या ॲपमध्ये काम आपोआप करणारी सेवा) जोडलेलं होतं: निकालाच्या रकान्यात ‘नापास’ आलं, की उमेदवाराला नकाराचा मेल. पेपर तपासणारे दोघं, त्यातले एक रजेवर. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी सूत्र खालपर्यंत ओढलं आणि पेपर न तपासलेल्या सगळ्या मुलांना नकार गेला. सोमवारी एचआरची माणसं माफीचे फोन करत बसली. त्यातल्या एका मुलीचे गुण नंतर सगळ्यांत जास्त निघाले. तोवर तिने दुसरीकडे होकार कळवून टाकला होता.

मी सूत्रात पहिली अट इझनंबरची (ISNUMBER, सेलमध्ये आकडा आहे का ते बघणारी) घालते. आकडा नसेल तर ‘बाकी’, पुढचं सगळं नंतर. आणि नकाराचा मेल आपोआप जाऊच देत नाही. झेपियरने तो जीमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवायचा, पाठवायचा माणसाने, नाव आणि गुण पुन्हा बघून. ‘मग ऑटोमेशनचा उपयोग काय?’ असं नवशिके हमखास विचारतात. ज्याने अभ्यास करून चाचणी दिली, त्याच्यासाठी दोन मिनिटं काढणं जड जात असेल तर भरतीचं काम अंगावर घेऊच नये.

दुसरी चूक नावावरून व्हीलूकअप (VLOOKUP, यादीत शोधून त्या ओळीतली माहिती आणणारं सूत्र) करण्याची. एकाच नावाचे दोन उमेदवार असले, की तो वरचा सापडेल त्याचेच गुण दोघांना देतो. त्यात शेवटी फॉल्स (FALSE, म्हणजे ‘तंतोतंत जुळलं तरच’) लिहायचं राहिलं, तर नाव यादीत नसतानाही जवळपासचं काहीतरी उचलून आणतो, आणि आकडा दिसतोय म्हणून कुणाला शंका येत नाही. प्रत्येकाला अर्ज क्रमांक द्या आणि शोध त्यावरूनच घ्या.

उमेदवारांनी भरलेल्या गूगल फॉर्मची उत्तरं ज्या टॅबमध्ये येतात तिथे काहीही लिहू नका. नवं उत्तर नवी ओळ घेऊन येतं आणि शेजारी ओढलेली सूत्रं त्या ओळीत नसतात. हिशेब वेगळ्या टॅबमध्ये, ॲरेफॉर्म्युलाने (ARRAYFORMULA, एकदाच लिहून सगळ्या रकान्याला लागू होणारं सूत्र) करा.

झेपियर जोडलेल्या शीटमध्ये सॉर्ट करू नका, मधल्या ओळी काढू नका.

शीटचं लोकेल (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते ठरवणारं सेटिंग) अमेरिकेचं राहिलं, तर ०५/०६ ची मुलाखत ५ जूनऐवजी ६ मे होते.

साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्ट (शीटला जोडायचा गूगलचा छोटा प्रोग्रॅम) दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवते. यादी मोठी असेल तर कुणाला मेल गेला याचा रकाना ठेवा.

‘लिंक असलेल्या कुणालाही’ ही परवानगी तर आजच बंद करा. त्या शीटमध्ये लोकांचे फोन नंबर, पगार, पत्ते असतात.

व्हिडिओ बघून एका दुपारीत सगळं जोडायचं आणि लगेच खऱ्या अर्जांवर चालू करायचं, ही घाई मला मुळीच पटत नाही. आधी खोट्या ओळी भरा: एक गैरहजर, एक बरोबर ४० गुणांचा, दोन एकाच नावाचे, एक दोनदा अर्ज केलेला. मेलच्या रकान्यात स्वतःचा पत्ता टाका आणि काय काय येतं ते वाचा.