पांढरीतली भट्टी उकरताना या चुका टाळा

तापी-गिरणेच्या पट्ट्यात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती ट्रॉल्या भरभरून शेतात जाते. टेकाडाची कड उभी तुटली की त्यात जुन्या कुंभारभट्टीचं विटकरी रंगाचं कडं दिसतं, आणि बचाव उत्खननाला मोजून दहा-पंधरा दिवस मिळतात.

आतला भराव उपसणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भट्टी 'मोकळी' केली की फोटो छान येतो, पण कोसळलेला घुमट, बिघडलेली भांडी आणि शेवटच्या जाळाची राख टोपलीतून जाते. तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी बांधा, एकच बाजू खणा. छेदाचं, म्हणजे उभ्या कापाचं, रेखाटन झाल्यावर दुसरी. दोरी तोंडातून गेली नाही, तर जाळ कुठून कुठे खेळला हे छेदात दिसतच नाही. तोंडासमोरचे दीड-दोन मीटरही खणा. राख ओढून काढलेला खड्डा आणि वाकड्या, फुगलेल्या, चिकटलेल्या खापरांचा ढीग बहुधा तिथेच असतो.

लाल माती म्हणजे भट्टी, असं धरणं. भट्टीची भिंत एकाच बाजूने भाजते: आत करडी-काळी, कधी काचेसारखी चकाकणारी, मग विटकरी, बाहेर तपकिरी. कामट्यांच्या ठशांवर विसंबू नका. जळालेल्या कुडावर ते असतात, तसे घुमटाच्या लिंपणावरही असू शकतात. उघड्या आव्याला, म्हणजे जमिनीवरच रचून पेटवलेल्या भट्टीला, तर भिंतच नसते, राखेचा पसरट थर आणि खाली भाजलेली जमीन, एवढंच.

आधी भिंत घट्ट करणारं रसायन, मग नमुने. उलटं करा. चुंबकीय कालमापनासाठी (भाजताना मातीत कायम झालेल्या चुंबकीय दिशेवरून काळ काढण्यासाठी) जागेवरून न हललेल्या तळाचे आठ-दहा नमुने दिशा आणि पातळी आखून घ्या. त्या वेळी फावडी, घमेली लांब ठेवा, नाहीतर होकायंत्र चुकतं. कोळसा चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा. जाड खोडापेक्षा काटकी, दाणे बरे. खोडाच्या गाभ्याचं वय जाळ लागण्याच्या कितीतरी आधीचं येतं. मग भिंतीला ॲसिटोनमध्ये 3 ते 5 टक्के पॅरालॉइड बी-72 (ॲक्रिलिक राळ) द्या, तेही भल्या सकाळी. एप्रिलच्या दुपारी ॲसिटोन मुरण्याआधीच उडतं आणि वर नुसता पापुद्रा धरतो.

भेगांतली खापरं थरात धरणं. काळी माती उन्हाळ्यात खोल फाटते, वरची खापरं खाली उतरतात. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे किंवा गिरणेकाठचं बहाळ, अशा टेकाडांवर ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर एकावर एक आहेत. तिथे एका घसरलेल्या खापरानेही काळ चुकतो. भेगेतला माल वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीसह.

झाकताना प्लॅस्टिक नको, खाली ओल कोंडते. जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं कृत्रिम कापड), त्यावर धुतलेली वाळू, वर माती. वाळूत त्याच वर्षाचं एक नाणं टाका, पुढच्या खणणाऱ्याला आपला भराव कुठे संपतो ते कळतं.