पीएम किसानचा हप्ता गायब? आधी हे बघा
आमची शेती मुरबाडला, राहायला आम्ही कळव्यात. बाबांचे पीएम किसानचे २००० दोन वेळा आलेच नाहीत, गावच्या बँकेचं पासबुक छापून आणलं तर एंट्रीच नाही, मग तलाठी झाले, कृषी सहायक झाले, भाड्यात पाचशे गेले ते वेगळेच. आणि पैसे पडून होते कुठे तर इथे स्टेशनजवळ उघडलेल्या नवीन खात्यात!

तर हे पैसे आता आधारवरून जातात, म्हणजे ज्या बँकेत आधार शेवटचं सीड झालंय (सरकारी पैशांसाठी खात्याला जोडलंय) तिथेच, फॉर्मवर खातं कुठलंही लिहिलेलं असो. नवीन खातं काढताना डीबीटीच्या, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात घेण्याच्या, चौकटीवर टिक करून सही घेतात, आपण वाचतो कुठे.

‘माय आधार’च्या साइटवर ओटीपीने लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव आणि अ‍ॅक्टिव्ह आहे की नाही ते दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा, नुसती आधारची झेरॉक्स देऊन येऊ नका. पीएम किसानची ई-केवायसी (आधारने ओळख पटवणं) पण बघून घ्या, राहिली असेल तरी हप्ता अडकतो.