शालेय कॉन्सर्ट बँडसाठी रचना कशी करावी

कॉन्सर्ट बँड म्हणजे वरातीतला बँड नव्हे. लाकडी व पितळी सुषिरवाद्ये आणि तालवाद्ये यांचा तो बसून वाजवणारा वाद्यवृंद होय. अमेरिकेतील असंख्य शाळांत तो शिक्षणाचाच भाग असल्यामुळे, त्यासाठी लिहिणारे संगीतकार पुष्कळदा शिक्षकही असतात. आल्फ्रेड रीड (१९२१–२००५) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी बँडमध्ये असतानाच, १९४४ साली, त्यांनी ‘रशियन ख्रिसमस म्युझिक’ लिहिले. पुढे त्यांनी संगीत-प्रकाशनात संपादन केले आणि १९६६ पासून मायामी विद्यापीठात अध्यापन केले. आधी बँड, मग संपादन, मग वर्ग हा क्रम माझ्या मते नवोदितानेही शक्य तितका पाळावा.

पहिली पायरी म्हणून एखाद्या बँडच्या तालमींना नियमित बसावे आणि प्रत्येक वाद्य निदान हाताळून पाहावे, कारण नुसत्या स्वरपल्ल्याच्या तक्त्यावरून खरी अडचण कळत नाही. क्लॅरिनेटचेच पाहा: लिहिलेला मधला बी-फ्लॅट वाजवताना बहुतेक बोटे मोकळी असतात, पण त्याला लागून असलेल्या बी-नॅचरलसाठी सगळी भोके झाकून वर रजिस्टरची कळही दाबावी लागते. नवशिक्याचा आवाज नेमका इथेच फाटतो. म्हणून अगदी प्राथमिक श्रेणीच्या रचनेत क्लॅरिनेटची धून शक्यतो या सांध्याच्या खालीच ठेवावी. पट्टी बी-फ्लॅट, ई-फ्लॅट किंवा एफ यांपैकी निवडावी. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांचा लिहिलेला सी प्रत्यक्षात बी-फ्लॅट वाजतो, त्यामुळे बी-फ्लॅट पट्टीत ती वाजवणाऱ्या मुलांसमोर साधी सी पट्टी येते.

लहान शाळेत ओबो किंवा बॅसून ही लाकडी सुषिरवाद्ये वाजवणारे कोणी नसण्याचीच शक्यता अधिक, तेव्हा त्यांच्या एकल ओळी दुसऱ्या वाद्याच्या पार्टमध्ये (त्या वादकासमोरच्या स्वतंत्र स्वरलेखनात) बारीक अक्षरांत पर्यायी म्हणून लिहून ठेवाव्यात. शेवटच्या रांगेतील तालवादकांनाही भरपूर काम द्यावे. पन्नास मात्रा मोजत उभे राहिलेले मूल हमखास चुकीच्या जागी झांज वाजवते.

प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी रचना एखाद्या शालेय बँडकडून वाजवून घ्यावी आणि संचालकाच्या हरकती संहितेवरच नोंदवाव्यात. शेवटी प्रत्येक पार्ट स्वतंत्रपणे तपासून, पान उलटण्याच्या जागी वादकाला पुरेसा विराम मिळतो की नाही हे पाहावे.