कमी पाण्यातली कार्पेट सफाई : मशीन कोणतं घेतलं आणि का

ऑफिसांमधली कार्पेटं धुतली की वाळताना जुने डाग पुन्हा वर यायचे. पाणी तळापर्यंत मुरतं आणि सुकताना खालचा मळ धाग्यांच्या टोकाशी आणून सोडतं. म्हणून एन्कॅप्सुलेशन या कमी पाण्याच्या पद्धतीकडे वळलो. यात केमिकल वाळून मळाला ठिसूळ कणांत बांधतं आणि ते कण व्हॅक्यूमने निघतात.

प्रश्न हे केमिकल कार्पेटवर घासायच्या मशीनचा होता. मिनिटाला १७५ फेऱ्यांचं, खाली एकच गोल चकती फिरणारं सिंगल डिस्क मशीन फरशीलाही चालतं. पण हात सरावलेला नसेल तर ते बाजूला ओढतं, आणि कट पाइलवर, म्हणजे टोकं कापलेल्या धाग्यांच्या कार्पेटवर, गोल खुणा उमटू शकतात. मी ऑर्बिटल घेतलं. त्याचं पॅड अगदी लहान वर्तुळांत थरथरतं, धागा पिळला जात नाही आणि नवा माणूसही ते लवकर शिकतो. लूप पाइलवर, म्हणजे धाग्यांचे वेढे न कापलेल्या कार्पेटवर, तर फारच छान! उंच धाग्यांच्या, दबलेल्या कार्पेटसाठी मात्र उलटसुलट फिरणाऱ्या दोन दंडगोल ब्रशांचं मशीन मला जास्त पटतं, कारण ते धागे उभे करतं.

मशीन कुठलंही असो, आधी कोरडं व्हॅक्यूम नीट करा. धूळ राहिली तर ओल लागताच तिचा चिखल होतो. पॅड मळलं की लगेच उलटा किंवा बदला. माझ्याकडे डाग परत येणं आता थांबलंय.